चिऱ्याच्या घरात एकच इंटरनेट, पडवीपासून माडीपर्यंत

लांजा तालुक्यातलं माझं माहेर म्हणजे जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, मागे मागे लांबत गेलेलं घर. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, ओटीच्या वर माडी. आतल्या भिंती सव्वा-सव्वा फूट. फायबरचं कनेक्शन आलं तेव्हा जोडणाऱ्या मुलाने स्वतःच्या सोयीची जागा बघितली, पडवीच्या कोपऱ्यात डबा ठोकला, बाबांच्या फोनवर स्पीड दाखवला आणि चहा पिऊन गेला.

पुढची दोन वर्षं दादा ऑफिसच्या मीटिंगला माडीवरून उतरून पडवीत बसायचा, पाठीमागे कोंबड्या. वहिनी स्वयंपाकघरात मोबाइलचा डेटा जाळायची. भाचीला शोध लागला होता की माजघराच्या उंबऱ्यावर उजवीकडे टेकून बसलं की एक दांडी जास्त येते, त्यामुळे तिच्या सगळ्या प्रवेशपरीक्षांचे फॉर्म त्या उंबऱ्यावर भरले गेले. मग कुणीतरी सांगितलं, प्लॅन वाढवा. दादाने १०० एमबीपीएसचा २०० केला. बिल वाढलं, उंबरा तोच राहिला.

गेल्या गणपतीआधी चार दिवस सुट्टी काढून मी हे मार्गी लावलं. मी नेटवर्कवाली नाही, पुण्यात हिशेबाचं काम करते; पण आमच्या छोट्या ऑफिसातल्या राउटरची उस्तवार कशी कोण जाणे, माझ्याच गळ्यात पडते. काय केलं आणि कुठे फसले ते क्रमाने लिहिते. तुमचा फ्लॅट असेल तर भिंती पातळ असतील, क्रम हाच ठेवा.

आधी दारात किती येतंय ते बघा

घरभर तक्रार असली तरी पहिलं काम डब्यापाशी. फायबरची बारीक वायर ज्या डब्यात शिरते त्याला ओएनटी म्हणतात. आजकाल त्याच डब्यात राउटर आणि वाय-फायही असतं. त्यावर पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा हवा आणि लॉस नावाचा दिवा विझलेला. लॉस लाल लुकलुकत असेल तर बाहेर वायर तुटली आहे किंवा कुठेतरी दुमडली आहे, घरात काही करून उपयोग नाही, फायबरवाल्याला फोन करा. फायबर काचेचं असतं. बांगडीएवढ्या गोल वळणाला ते कुरकुरत नाही, पण दाराच्या फटीत किंवा खिळ्याभोवती काटकोनात दुमडलं की उजेड गळतो. डब्याच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या उजेडाची ताकद उणे आकड्यात दिसते. उणे १५ ते उणे २५ असेल तर निवांत राहा. उणे २७ च्या पलीकडे गेली की जोडणी अधूनमधून सुटणारच. फायबरवाल्याला फोन करताना हा आकडा सांगितलात तर समोरचा माणूस 'डबा बंद करून चालू करा' म्हणायच्या आधी जरा विचार करतो.

मग लॅपटॉप वायरने थेट डब्याला जोडा आणि स्पीड मोजा. वाय-फायवर नाही, वायरीवरच. लॅपटॉपला लॅनचं, म्हणजे नेटवर्कची वायर खोचायचं, भोक नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर मिळतो. एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास मोजा, कारण रात्री अख्खी वाडी एकाच वेळी मालिका बघत असते. आकडा वाचताना गल्लत नको: प्लॅनमधले १०० हे मेगाबिट, डाउनलोड होताना फोन दाखवतो ते बहुधा मेगाबाइट. आठाने भागायचं. १०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटने उतरली म्हणजे पुरं माप मिळालं.

आमच्याकडे वायरीवर आकडा आला ९४. प्लॅन २०० चा! दुपारी ९४, रात्रीही ९४. इतका एकसारखा आकडा आला की समजावं, डब्याचं भोकच १०० वालं आहे आणि त्यातून याहून जास्त जाणार नाही. म्हणजे वरचे १०० आम्ही वर्षभर फुकट भरत होतो. कंपनीकडून गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसच्या, भोकाचा डबा बदलून घेता आला असता, पण मी उलट केलं. प्लॅन परत १०० वर आणला. स्वच्छ व्हिडिओ मीटिंगला चार-पाच एमबीपीएस पुरतात, टीव्हीवरच्या एचडी सिनेमाला पाच-सहा. पाच-सात माणसांच्या घराला १०० भरपूर झाले. अडत होतं ते भिंतीपाशी.

कागदावर घर काढा

वहीच्या पानावर घराचा आराखडा काढा, डबा कुठे आहे तिथे फुली मारा आणि फोन घेऊन प्रत्येक खोलीत फिरा. अँड्रॉइडवर सिग्नलची ताकद दाखवणारी फुकट ॲप्स मिळतात. तो आकडाही उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका बरा. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत मीटिंग न अडखळता चालते. उणे ७५ च्या पुढे नुसतं 'कनेक्टेड' दिसतं, हाती काही लागत नाही. आमच्या पडवीत उणे ४२, ओटीवर ५८, माजघरात ७६, स्वयंपाकघरात ८५. पहिल्या दोन भिंती सोळा-अठरा खात होत्या. दर तीनाला ताकद निम्मी होते, हे लक्षात घेतलं तर सव्वा फुटाचा चिरा काय करतो ते कळेल. शिवाय जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पितो, आणि ओल्या भिंतीतून लहरी आणखी कमी पार होतात. उन्हाळ्यात चाललेलं वाय-फाय श्रावणात रुसतं त्याचं निम्मं कारण हे आहे.

भिंतींखेरीज नकाशावर लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि मायक्रोवेव्हही मांडा. पहिले तिघे सिग्नल अडवतात, चौथा चालू असेपर्यंत २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट करतो. आमचा डबा नेमका धान्याच्या पत्र्याच्या कोठीमागे होता. कोठी हलवली तेव्हा ओटीवरचा आकडा सात-आठने सुधारला. या कामाला पैसा लागला नाही, फक्त बाबांची समजूत घालावी लागली.

रिपीटर, मेश की वायर

दुकानात गेलात तर पहिल्यांदा रिपीटर पुढे करतील. भिंतीच्या प्लगात खोचायचा, संपलं. तो करतो काय, तर ऐकलेलं पुन्हा मोठ्याने बोलतो. पण साधा रिपीटर ऐकायला आणि बोलायला एकच चॅनेल वापरतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो. आणि लोक तो लावतात कुठे? जिथे सिग्नल पोचत नाही तिथे. म्हणजे त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार.

मेशचे दोन-तीन डब्यांचे संच चांगले असतात, फोन एका डब्यावरून दुसऱ्यावर सफाईने सरकतो. पण त्यांचं आपसातलं बोलणं जर त्याच चिऱ्यातून व्हायचं असेल तर दहा हजार घालूनही भिंत तिथेच. मेश घ्यायचाच असेल तर डबे एकमेकांना वायरीने जोडायची सोय असलेला घ्या. आणि विजेच्या वायरीतूनच इंटरनेट नेणारे प्लग आमच्या चाळीस वर्षांच्या वायरिंगवर मी वापरून बघण्याच्याही फंदात पडले नाही.

माझं मत एका ओळीत: भिंत ओलांडायचं काम वायरीला द्या, वाय-फायला फक्त खोलीतल्या खोलीत फिरू द्या. आम्ही पडवीतल्या डब्यापासून एक वायर माडीवर नेली आणि एक माजघरात. माजघराला स्वयंपाकघराचं दार लागून आहे, तेवढ्यात दोन्ही भागलं. दोन्ही टोकांना एकेक साधा राउटर. त्यातला एक कपाटात पडून होता, जुन्या कनेक्शनचा. ओएनटीवर चार भोकं असल्याने वेगळा स्विच, म्हणजे एका भोकाची अनेक भोकं करणारा डबा, लागला नाही. तुमच्याकडे एकच भोक असेल तर पाच भोकांचा छोटा गिगाबिट स्विच घ्या, त्याला काही सेटिंग नसतं.

वायर ओढणं

वायर कॅट-५ई किंवा कॅट-६ घ्या. घराच्या अंतराला दोन्ही गिगाबिट देतात, एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर. महत्त्वाचं आहे ते तांबं. बाजारात ॲल्युमिनियमच्या तारेला वरून तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास मिळते. स्वस्त, हलकी, आणि दोनदा वाकवली की तुटणारी. मीटरवर घेताना एक तार सोलून ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं चमकलं तर ठेवून द्या.

माप दोरीने घ्या, डोळ्यांनी नको. पडवी ते माडी मला पंधरा मीटर वाटलं होतं, भिंतीच्या कडेने, आढ्याखालून, जिन्यामागून दोरी फिरवली तर बावीस भरलं. प्रत्येक टोकाला दोन मीटर जास्तीचे ठेवा. विजेच्या वायरीशेजारून लांबवर न्यायची असेल तर फूटभर अंतर राखा, ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा. माळ्यावरून नेताना वायर उघडी टाकू नका. आमच्या माळ्यावर उंदीर आहेत आणि त्यांना प्लास्टिकचं आवरण फार आवडतं. पाऊण इंची पीव्हीसी पाइपात घातली आणि पाइपाची तोंडं कापडी बोळ्याने बंद केली.

चिऱ्याला भोक पाडणं सोपं, चिरा मऊ असतो. अडचण लांबीची. सव्वा फुटाला घरातला ड्रिलबिट पुरत नाही, एसी बसवणाऱ्याकडून किंवा प्लंबरकडून दीड फुटी बिट मागून आणा. भोक बाहेरच्या भिंतीतून असेल तर ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा, नाहीतर पावसाचं पाणी वायरीवरून घसरत थेट आत येतं. त्याच कारणासाठी बाहेर वायरीला भोकाखाली एक झोळ सोडायचा, पाणी तिथून खाली टपकतं. आणि कनेक्टर, म्हणजे वायरीच्या टोकाचा प्लास्टिकचा प्लग, आधी लावून बसू नका. वायर दहा मिलिमीटरच्या भोकातून जाते, कनेक्टर जात नाही. आधी ओढा, मग टोकं बांधा.

टोक बांधणं म्हणजे क्रिम्पिंग. याचं भय उगाच वाटतं, पाच-सहा कनेक्टर वाया घालवायची तयारी ठेवली की हात बसतो. वरचं आवरण दीड इंच सोला, आतल्या तारांना पातं लागू न देता. पिळलेल्या चार जोड्या निघतील. कॅट-६ असेल तर मधे प्लास्टिकची चौफुली असते, ती मुळाशी छाटा. जोड्या उलगडून तारा अंगठ्याने सरळ करा आणि डावीकडून उजवीकडे असा क्रम लावा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी हिरवीच्या पोटात बसते, सगळे चुकतात ते तिथेच. चिमटीत घट्ट धरून कात्रीने सगळ्या एका रेषेत कापा, अर्धा इंच उरतील अशा. कनेक्टरची क्लिप जमिनीकडे, तोंड आपल्याकडे, आणि आठही तारा एकदम आत ढकला. पुढच्या काचेसारख्या टोकातून आठ तांब्याचे ठिपके दिसले पाहिजेत आणि वायरीचं वरचं आवरणही कनेक्टरच्या आत शिरलेलं पाहिजे. मगच पक्कड दाबा. दुसऱ्या टोकाला हाच क्रम. कॅट-६ ची तार जाड असते, तिला कॅट-६ चेच कनेक्टर घ्या.

दोनतीनशे रुपयांचा टेस्टर जरूर घ्या. दोन्ही टोकांना डबी लावली की एक ते आठ दिवे ओळीने लागतात. माझ्या माडीवरच्या वायरीचा सातवा दिवा लागेना. गंमत अशी की तरीही इंटरनेट चाललं, कारण १०० च्या वेगाला १, २, ३ आणि ६ एवढ्याच तारा लागतात, गिगाबिटला आठही. कुणाची वायर 'चालते, पण ९४ च्या वर जात नाही' असं असेल आणि भोकं गिगाबिट असतील, तर एखादी तार सुटलेली असते. मी टोक कापून पुन्हा बांधलं. आमच्या भोकाला त्याने फरक पडणार नव्हता, पण पुढे डबा बदलला तर भिंतीतली वायर पुन्हा कोण उपसणार.

दुसरा राउटर: किल्ल्या एकाच्याच कमरेला

इथे मी फसले, म्हणून जरा सावकाश सांगते.

कंपनी तुमच्या घराला बाहेरचा एकच पत्ता देते. घरातल्या फोनांना, टीव्हीला, प्रिंटरला राउटर आतले पत्ते वाटतो: १९२.१६८ ने सुरू होणारे, कधी १० ने, कधी १७२.१६ ते १७२.३१ यांतले. हे आकडे १९९०च्या दशकापासून खासगी वापराला राखून ठेवलेले आहेत, म्हणून तुमच्या आणि शेजाऱ्याच्या घरात एकच पत्ता असला तरी भांडण होत नाही. कुठल्या फोनने बाहेर काय मागवलं त्याची वही राउटर ठेवतो आणि आलेला माल ज्याचा त्याला देतो. पत्ते वाटायच्या या कामाचं नाव डीएचसीपी. एकत्र कुटुंबात कोठाराच्या किल्ल्या एकीच्याच कमरेला असतात, तसं घरात डीएचसीपी एकाच डब्याकडे हवं.

मी जुना राउटर माडीवर नेला, वायर त्याच्या लॅनच्या भोकात लावली आणि खाली जेवायला आले. जेवण होईतो घर पेटलं होतं. बाबांचा फोन 'कनेक्टेड, इंटरनेट नाही'. दादाचा चालतोय. टीव्ही कधी चालतो, कधी नाही. झालं होतं असं, की माडीवरचा राउटरही पत्ते वाटायला बसला होता आणि त्याचा स्वतःचा पत्ताही खालच्या डब्यासारखाच १९२.१६८.१.१ होता. दोन कारभारी, दोघांचं नाव एक. ज्या फोनला वरच्याने पत्ता दिला तो बाहेर जायचा रस्ता वरच्याकडे विचारत होता, आणि वरच्याला रस्ता माहीतच नव्हता.

बरोबर क्रम हा. राउटर घरच्या नेटवर्कला जोडायच्या आधी एकट्याने वायरीने लॅपटॉपला जोडा. तळाच्या स्टिकरवर त्याचा पत्ता आणि पासवर्ड असतो, ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकून आत शिरा. सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, पुढचं बरंच काम तो स्वतः करतो. जुन्या राउटरांत तो नसतो, तेव्हा हाताने करायचं. आधी वाय-फायचं नाव आणि पासवर्ड घाला. मग लॅनच्या पानावर त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. तो पुन्हा चालू होईल, नव्या पत्त्यावर आत शिरा. सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करा. हे शेवटी अशासाठी, की ते बंद झालं की लॅपटॉपला पत्ता मिळत नाही आणि तुम्ही बाहेर अडकता. आता पडवीतून आलेली वायर त्याच्या लॅनच्या भोकात लावा. वॅनचं, म्हणजे एरवी बाहेरची लाइन लावायचं, वेगळ्या रंगाचं भोक रिकामं ठेवायचं, त्याच्यावर चिकटपट्टी लावा म्हणजे कुणी हौसेने वायर हलवणार नाही. माजघरातल्या राउटरला १९२.१६८.१.३.

मुख्य डब्यात एकच गोष्ट बघायची: तो पत्ते कुठून कुठपर्यंत वाटतो. .२ आणि .३ त्याच्या वाटपात यायला नकोत. मी .५० ते .२४० ठेवलं. गणपतीत मुंबईची तीन बिऱ्हाडं येतात, माणशी दीड फोन धरला तरी पुरून उरतं.

वॅनच्या भोकात वायर लावली तरी इंटरनेट मिळतं, हेही सांगते, कारण बरेच जण तसंच लावतात आणि 'चाललं की' म्हणतात. पण मग माडीवर वेगळं घरच तयार होतं. माडीवरच्या फोनला ओटीवरचा प्रिंटर दिसत नाही. वरती भाडेकरू असेल तर ही जोडणी फायद्याची, आपल्याच माणसांसाठी डोकेदुखी.

बाहेरून घरचा कॅमेरा बघायला 'पोर्ट फॉरवर्ड' करा, म्हणजे बाहेरून आलेली हाक राउटरला थेट कॅमेऱ्याकडे वळवायला सांगा, असे सल्ले मिळतील. त्याआधी डब्याच्या पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल तर कंपनीनेच बाहेरचा एक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे आणि तुमचं फॉरवर्डिंग चालायचं नाही.

नाव, चॅनेल, पासवर्ड

तिन्ही डब्यांना वाय-फायचं नाव आणि पासवर्ड अगदी सारखे दिले. फोन चालता चालता जवळचा डबा धरतो. धरतोच असं नाही, काही फोन जुन्याला घोरपडीसारखे चिकटून बसतात. त्यावर उपाय म्हणजे डब्यांची ताकद 'हाय' वरून 'मीडियम' वर आणणं. उलटं वाटेल, पण दूरचा आवाज कमी झाला की फोन जवळच्याकडे वळतो.

चॅनेल मात्र वेगवेगळे. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे तीनच: १, ६ आणि ११. पडवीला १, माडीला ६, माजघराला ११, रुंदी २०. पाच गिगाहर्ट्झ वेगवान, पण चिऱ्यापुढे लगेच गुडघे टेकतं. तेच आपल्या पथ्यावर पडतं, खोलीचं खोलीत राहतं. तिथे ३६ आणि १४९ आलटून पालटून दिले. स्मार्ट बल्ब आणि जुने फोन २.४ वरच बोलतात, त्यामुळे ते बंद करू नका.

डब्याच्या सेटिंगचा पासवर्ड स्टिकरवरचा ठेवू नका, तो वाय-फायच्या पासवर्डहून वेगळा असतो. सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडा, पासवर्ड न टाकता बटणाने जोडणारं डब्ल्यूपीएस बंद करा. नाव लपवून ठेवण्याने काही साधत नाही. पाहुण्यांसाठी 'गेस्ट' नेटवर्क मुख्य डब्यावर चांगलं चालतं, पण ॲक्सेस पॉइंट केलेल्या बऱ्याच साध्या राउटरांत ते नावालाच वेगळं असतं. म्हणून आम्ही ते फक्त पडवीत ठेवलं, नाहीतरी पाहुणे तिथेच बसतात. शेजाऱ्यांना कायमचा पासवर्ड देताना एवढं ध्यानात असू द्या, की त्यावरून काही भलतं झालं तर विचारणा ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्याकडे होते. पैसे घेऊन वाय-फाय द्यायचं असेल तर डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे, तिच्यात दुकानदारालाही परवान्याशिवाय ते करता येतं.

जाता जाता, घरात मोबाइलला रेंज नसेल तर प्रत्येक फोनमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' चालू करा. बाबांचा फोन आता माजघरातही वाजतो. आधी खळ्यात जाऊन बोलायचे.

लाईट आणि वीज

लाईट गेली की फायबर जिवंत असतं, मरतो तो आपला डबा. घरात इन्व्हर्टर असेल तर डब्यांचे प्लग त्याच्या लाइनवर घ्या. नसेल तर राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात. घेताना अडॅप्टरवरचा आकडा बघा. १२ व्होल्टच्या डब्याला १२, ९ च्याला ९. आमचा जुना राउटर ९ चा होता आणि पिन मात्र १२ वाल्याचीही बसत होती, म्हणून दोन्ही अडॅप्टरांवर मार्करने डब्याचं नाव लिहिलं. दहा हजार एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण ३७ वॉट-तास. डबा आठ वॉट खातो असं धरलं तर मधे वाया जाणारी वीज वजा जाता साडेतीन-चार तास निघतात.

कोकणात खरी भीती वळवाच्या विजेची. गडगडायला लागलं की अडॅप्टर काढा हे सगळ्यांना ठाऊक असतं, लॅनची वायर विसरतात. लांब तांब्याची वायर विजेचा धक्का आत आणते. गोठ्यावर कॅमेरा हवा म्हणून दादाला खळ्यावरून उघडी लॅन वायर टाकायची होती. मी ऐकलं नाही. दोन इमारतींमध्ये तांबं टाकूच नये. तिथे फायबरचा तुकडा आणि दोन्ही टोकांना फायबर आणि लॅन वायर यांची सांधेजोड करणारे मीडिया कन्व्हर्टर लावतात, काचेतून वीज येत नाही. मात्र फायबरला आधाराला पोलादी तार असते, ती भिंतीबाहेरच खुंटीला बांधून तोडायची, घरात आणायची नाही.

बिघाड कुठे आहे

'नेट गेलं' असा पुकारा झाला की लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून तीन पिंग करा, म्हणजे एकेका पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघा. पहिलं १९२.१६८.१.१ ला. उत्तर नाही तर दोष घरात, वायर किंवा राउटर. उत्तर आलं तर दुसरं ८.८.८.८ ला. इथे अडलं तर बाहेरची लाइन. तेही आलं तर तिसरं एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. फक्त नावाला अडत असेल तर नावांचे पत्ते शोधून देणारा डीएनएस बिघडला आहे. डब्यात डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घालून बघा. आणि फोनच्या वाय-फाय तपशिलात १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याला कुणी पत्ता दिलेलाच नाही. डीएचसीपीवाला डबा चालू आहे का बघा.

एवढं सगळं करूनही गौरी जेवणाच्या दिवशी दुपारी अख्ख्या घराचं नेट बसलं. पहिलं पिंग कधी लागे, कधी नाही. सगळ्या डब्यांचे लॅनचे दिवे वेड्यासारखे एकत्र लुकलुकत होते. मी हातातलं ताट ठेवून एकेक वायर काढत गेले. माजघरातल्या राउटरपाशी पोचले तेव्हा कळलं, बोरिवलीच्या सहा वर्षांच्या भाच्याला लॅनची एक छोटी वायर लोंबताना दिसली होती, एक टोक राउटरला लागलेलं, दुसरं मोकळं. त्याने शहाण्यासारखं मोकळं टोक शेजारच्या रिकाम्या भोकात बसवलं होतं. वायर त्याच राउटरमधून निघून त्याच राउटरमध्ये शिरली की तेच निरोप गोल गोल फिरत राहतात आणि सगळं नेटवर्क तुंबतं. टोक काढल्यावर दहा सेकंदांत टीव्ही सुरू झाला. ती वायर आता माझ्या पर्समध्ये असते, आणि तिन्ही डब्यांच्या रिकाम्या भोकांवर वहिनीची कापडी चिकटपट्टी आहे.